एकोणिसाव्या मैलावरचा खलाशी

सडा टाकून झाला, बादली खाली ठेवली, आणि उजाडलं तेव्हा दिसलं की मी अख्खी रेल्वे बुडवली होती.

रूळ शेणाच्या पाण्याखाली. पूल एका अंगाला वाकलेला. दोन टेकड्या होत्या, त्यातली एक बसली होती. इंजिन आणि त्याच्यामागचे दोन डबे तेवढे वर. सिग्नलच्या पुढं मी सवयीनं रांगोळीचे पाच ठिपके पण टाकून ठेवले होते.

आमचे घरमालक ओसरीच्या पायरीवर उभे होते. हातात डबड्यासारखा कॅमेरा आणि कॅमेऱ्याच्या पुढं त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, चष्मा सुतळीनं बांधलेला. कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता. लढाई चालू होती, नवी फिल्म कुठंच मिळत नव्हती. मुंबईला फोटो पाठवायला चार दिवस राहिले होते. त्या एका फोटोसाठी ह्या माणसानं दोन महिने अंगणात माती कालवली होती, आणि मी ते सगळं एका बादलीत संपवलं.

माझी चूक होती, नाही असं मी म्हणत नाही. पण मी दोन महिने माहेरी, वैजापूरला होते. आदल्या संध्याकाळी आले ती मागच्या दारानं. अंगणात मालकांनी आगगाडी मांडली आहे हे मला कुणी सांगितलं नाही. सडा अंधारातच टाकायचा असतो, आणि तो डोळ्यांनी नाही, हाताच्या सवयीनं पडतो. मातीचे डोंगर मातीच्या अंगणात अंधारात कुणाला दिसणार?

मी म्हटलं, "मला ठाऊक नव्हतं."

 त्यांनी एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा भिंतीवरून येणाऱ्या उन्हाकडं. मग म्हणाले, "सूनबाई, हलू नका. पाणी हलतं."

आणि धुतलेल्या सदऱ्यानिशी ते त्या शेणाच्या पाण्यात पालथे पडले.

पालथं पडणं ही त्यांची रोजची रीत होती, म्हणून मला त्याचं नवल वाटलं नाही. आम्ही त्यांच्या घरात दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. आमचे हे जिनिंगमध्ये कापूस तोलायला होते. मी लग्न होऊन आले त्याच दिवशी घरमालक मला पहिल्यांदा दिसले ते असेच, रस्त्यावर पालथे, गाल धुळीला लावून एका टांग्याच्या चाकाकडं बघत. मला वाटलं माणूस गेला. टांगेवाला म्हणाला, "कुछ नहीं जी, साब देखरें."

ते म्हणायचे, डोळा जमिनीला लावून बघा, मग लहान काय आणि मोठं काय ते कळतं. उभं राहून बघणाऱ्याला सगळं खेळणंच दिसतं. मी एकदा त्यांचं ऐकून चुलीपुढं गाल टेकून भाकरीकडं बघितलं. भाकरी करपली. दुसरं काही कळलं नाही.

नोकरीत ते नक्कलनवीस होते. तहसील कचेरीत बसून सरकारी कागदांच्या नकला करायच्या, उर्दूत, एक नुक्ता, म्हणजे अक्षरावरचा ठिपकासुद्धा, इकडचा तिकडं होऊ द्यायचा नाही. तीस वर्षं तेच केलं. अक्षर असं की मूळ कागदापेक्षा नक्कलच खरी वाटायची. मग पेन्शन झाली आणि हाताला काम उरलं नाही. तेव्हा त्यांनी रेल्वेची नक्कल करायला घेतली.

ते रोज संध्याकाळी चालत स्टेशनावर जायचे. खिशात गाठी मारलेला दोरा असायचा. गाडी उभी राहिली की चाक मोजायचे, पायरी मोजायचे, दाराची कडी मोजायचे. स्टेशनातले लोक हाकलायचे. ते दुसऱ्या बाजूनं जाऊन मोजायचे. गाडीत मात्र कधी बसायचे नाहीत. गाडी हलली की त्यांना उलटी व्हायची. जालन्याला बहिणीकडं जायचं तर बैलगाडीनं जायचे, आणि परत आले की रुळाला रूळ कसे जोडलेत ते वाटेत कुठं कुठं उतरून बघितलं, हे सांगायचे. बहीण कशी आहे ते काकूंना विचारून विचारून काढावं लागायचं.

त्यांची रेल्वे घरातल्याच वस्तूंची होती. इंजिन घासलेटच्या डब्याच्या पत्र्याचं. चाकं म्हणजे शिवणाच्या दोऱ्याची रिळं. रूळ म्हणजे छत्रीच्या काड्या. त्यामुळं पावसाळ्यात त्या घरात सगळे पोतं पांघरून फिरायचे. रुळांमधली खडी म्हणजे बाजरी. झाडं म्हणजे तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या, आणि त्यावरून काकूंचा आणि त्यांचा रोज वाद. चिकटवायला गूळ आणि चुना. इमारती बांधणारे तेच वापरायचे म्हणून ह्यांनीही तेच वापरलं. इमारतीला मुंग्या लागत नाहीत. ह्यांच्या डब्यांना लागायच्या.

एक हात म्हणजे एक बोट, असं त्यांचं माप होतं. समोरचा माणूस ते त्याच मापानं बघायचे. माझे वडील मला भेटायला आले तेव्हा मालकांनी त्यांना वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही साडेतीन बोटं भराल." वडील वैजापूरच्या बाजारात दलाली करायचे, चारचौघात मान होता. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, घर बदला. आम्ही बदललं नाही. भाडं मागायचं मालकांच्या लक्षात राहायचं नाही, असं घर दुसरं कुठं मिळणार?

आता स्पर्धेचं सांगते. मुंबईहून एक इंग्रजी मासिक निघायचं. त्याचे जुने अंक स्टेशनातल्या एका बाबूकडं यायचे. हौशी लोकांनी घरी रेल्वे करायची, तिचा फोटो स्वतः काढायचा आणि पाठवायचा, अशी त्यांची दर वर्षी स्पर्धा होती. फोटो धंदेवाल्यानं काढलेला चालायचा नाही, आणि तसं फोटोच्या मागं लिहून द्यायचं, खाली नाव आणि पत्ता. मालकांना इंग्रजी येत नव्हतं. हे सगळं त्या बाबूनं वाचून सांगितलं.

पहिल्या वर्षी फोटो परत आला. सोबत एक ओळ होती. बाबूनं वाचली: खेळणं आहे हे दिसतं.

तेवढंच. पण मालक आठ दिवस जेवताना मान वर करेनात. काकू म्हणाल्या, खेळणंच आहे तर तसं म्हणणार नाहीत का? त्यावर ते पानावरून उठले.

दुसऱ्या वर्षी परत फोटो आला. ह्या वेळी दोन ओळी. इंजिन चांगलं आहे. पण मागं दिसणारी कोंबडी सिग्नलपेक्षा उंच आहे.

कोंबडी आमची होती. त्या दिवसापासून मालक तिच्याशी बोलेनात. तुम्ही हसाल, पण त्याआधी ते तिच्याशी बोलायचे. येता जाता काय बाई, काय खाल्लं, असं विचारायचे. नंतर ती समोर आली की तोंड फिरवून जायचे. कोंबडीलाही ते कळलं असं काकू म्हणायच्या. मला काही तसं दिसलं नाही.

त्यांना बक्षीस नको होतं. ते मला एकदा ओसरीवर बसून म्हणाले, "जगात एका माणसानं तरी फोटो बघून म्हणावं, ही गाडी खरी आहे. एकानं म्हटलं तरी बस झालं." हे म्हणताना चेहरा असा होता की मला हसता आलं नाही. मी तांदूळ निवडत होते, निवडत राहिले. काकूंच्या तांदळात तेव्हा खडे असायचे, कारण काकूंचा चष्मा कॅमेऱ्याला बांधलेला असायचा. जवळचं नीट दिसायला कॅमेऱ्याला चष्मा लागतो म्हणे. काकूंना लागतो त्याचं काही नाही.

तर हे तिसरं वर्ष आणि हा शेवटचा फोटो. ते पाण्यात पालथे पडले. चिमणीत उदबत्ती पेटवून खोवली होती, तिचा धूर निघत होता. मी बादलीशेजारी एका पायावर उभी, कारण दुसरा पाय ठेवायला कोरडी जागा नव्हती. काकू दारात कपाळाला हात लावून. ऊन भिंतीवरून उतरलं, पाण्यावर पडलं, आणि कॅमेरा खट् वाजला.

उठून ते थेट आंघोळीला गेले. मला एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, आता कोंबडीच्या रांगेत मी.

पण फोटो धुतला आणि एका दुकानातून वीतभर मोठा करून आणला तेव्हा आम्ही सगळे त्याच्यावर वाकलो. महापुरातून आगगाडी येत होती. पाण्यात तिची सावली पडली होती. बसलेली टेकडी खरोखर दरड कोसळल्यासारखी दिसत होती. माझे रांगोळीचे ठिपके रुळाच्या कडेला ओळीनं लावलेल्या चुन्याच्या दगडांसारखे. आमचे हे सरळ माणूस. ते म्हणाले, "हे कुठलं? लासूरकडलं का?"

मालक म्हणाले, "तुम्ही घरचे. तुमचं धरत नाही." पण कानापर्यंत लाल झाले.

फोटो टपालात पडला. मागं त्यांनी उर्दूत सुंदर अक्षरात लिहिलं: हा फोटो मी स्वतः काढला आहे, दुसऱ्या कुणी नाही. खाली नाव, वडिलांचं नाव, मोहल्ला, घराची खूण. खेळणं हा शब्द मात्र पाकिटात कुठंही लिहिला नाही. पहिल्या वर्षीपासून तो शब्द त्यांना सोसत नव्हता.

महिन्याभरानं पाऊस लागला. काकूंनी रूळ उपटले आणि छत्री दुरुस्त करून घेतली. उरलेली टेकडी वाहून गेली. मुंबईचं उत्तर आलं नाही. आला तो पोलिसांचा जमादार, आणि त्याच्याबरोबर रेल्वेचा एक वेमिस्त्री. रूळ तपासत फिरायचं काम असतं, तो.

लढाईच्या दिवसांत टपाल उघडून बघायचे. त्यात रेल्वेचा फोटो, रूळ पाण्याखाली, पूल वाकडा, आणि मागं सहीनिशी कबुली. जमादार वयस्क होता, दाढी मेंदीनं रंगवलेली. ओसरीवर बसून त्यानं पाणी मागितलं, प्याला, आणि म्हणाला की इतकी वर्षं नोकरी केली पण कबुली आधी आणि तपास नंतर असं पहिल्यांदाच बघतोय. मग त्यानं फोटो पुढं धरला.

"ये तुमीच खिंचे?"

"हौ," मालक म्हणाले.

"असली रेल है?"

 मालकांनी जमादाराकडं असं बघितलं की मला वाटलं आता पाया पडतात. "आपको क्या लगता?" त्यांनी विचारलं.

"लगना क्या है जी. असलीच है. दिखरी ना."

मालकांनी डोळे मिटले. काकूंनी आत रडायला सुरुवात केली, कारण जमादारानं पुढं सांगितलं की लढाईत रेल्वेचा फोटो काढणं हा गुन्हा आहे. जागा दाखवा, का काढला ते सांगा, नाही तर चला बरोबर. हे घर, हा माणूस, सगळं त्या एका शब्दावर होतं. खेळणं म्हणायचं आणि सुटायचं. आणि हा गृहस्थ ते म्हणेना. जमादारानं कुठला मैल म्हणून विचारलं तर म्हणाले, तुम्हीच ओळखा.

तेव्हा वेमिस्त्री पुढं सरकला. तो आल्यापासून घाम पुसत होता. आपल्या हद्दीतला रूळ पाण्याखाली गेला, पूल वाकला आणि आपण वर कळवलं नाही, अशी त्याला भीती होती. त्यानं फोटो हातात घेतला आणि म्हणाला, "हा माझाच मैल. एकोणिसावा. त्या दिवशी जरा पाणी चढलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी चाळीस टोपल्या खडी टाकून घेतली. पूल पण सरळ केला."

मी दाराआडून ऐकत होते. मला वाटलं, माझेच कान बिघडले.

"आणि हे चुन्याचे दगड," वेमिस्त्री म्हणाला, "हे मी स्वतः उभं राहून लावून घेतलेत."

मालक त्याच्याकडं मोठ्या प्रेमानं बघत होते.

जमादारानं बोट ठेवलं. "आन ये कौन है? डिब्बे के ऊपर?"

मागच्या डब्याच्या छपरावर काहीतरी काळं होतं. वेमिस्त्रीनं डोळ्याजवळ धरून बघितलं. "हा खलाशी," तो म्हणाला. रेल्वेत हाताखालच्या मजुराला खलाशी म्हणतात. "ओळखतो मी ह्याला. कामचुकार आहे. कधी बघावं तर छपरावर बसलेला असतो. आजच दंड करतो."

काकूंनी मला ढकललं. खरं तर मोठ्या माणसांत बोलायची तेव्हा सुनांना रीत नव्हती. पण मला त्या खलाशाची दया आली. मी पदर ओढून बाहेर आले आणि म्हटलं, ही रेल्वे अंगणातली आहे. पाणी माझ्या सड्याचं आहे. ते दगड माझ्या रांगोळीचे ठिपके आहेत.

जमादारानं मला विचारलं, मग ती रेल्वे कुठं आहे?

मी आत जाऊन छत्री आणली. "हे रूळ," म्हटलं.

जमादारानं छत्री उघडली, आत बघितलं, मिटली, परत उघडली. वेमिस्त्री म्हणाला, बाई घाबरली आहे. काकूंनी फळीवरून इंजिन काढून आणलं. जमादारानं ते फोटोशेजारी धरलं आणि म्हणाला की हे तर फोटो बघून नंतरही करता येईल. तो मूर्ख नव्हता. मालक मान हलवून त्याला दुजोरा देत होते. मला त्यांचा असा राग आला की काय सांगू.

मी काकूंच्या नाकावरचा चष्मा काढून जमादाराच्या हातात दिला. म्हटलं, "ह्याच्यातून त्या खलाशाकडं बघा आणि पाय मोजा."

त्यानं चष्मा फोटोवर धरला. बराच वेळ बघितलं. ओठ हलत होते.

"छे," तो म्हणाला. मग वेमिस्त्रीकडं वळून अगदी सावकाश म्हणाला, "मिस्त्री, तुमारे खलाशीकू छे पावां हैं."

तो मुंगळा होता. गुळाच्या छपरावर आलेला.

 वेमिस्त्रीनं फोटो परत घेतला, बघितला, खाली ठेवला. जमादारानं त्याला विचारलं की चाळीस टोपल्या खडी मग कुठं टाकली. तो म्हणाला, जाऊन बघावं लागेल. आणि लगेच गेलाच, चहालासुद्धा थांबला नाही.

जमादार मात्र थांबला. हसून हसून त्याच्या दाढीला चहा लागला. म्हणाला, रिपोर्ट तर लिहावाच लागणार, आणि त्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नव्हतं. त्यानं सांगितलं आणि मालकांनी लिहून घेतला. पहिल्या भागात, अमुक माणसानं काढलेल्या फोटोत खरी रेल्वेलाईन पाण्याखाली दिसते, जागा शोधावी. दुसऱ्या भागात, मौक्यावर जाऊन चौकशी केली, रेल्वे पत्र्याची आहे, वर मुंगळा आहे, पाणी शेणाचं आहे, गुन्हा नाही.

रिपोर्टाबरोबर फोटो लावायचाच होता. जमादार म्हणाला, तुम्हाला हवा असेल तर साहेबाला विचारून परत आणतो, मुंबईला पाठवा. मालकांनी विचार केला आणि म्हणाले, फोटो नको. ह्या कागदाची एक नक्कल मला करू द्या.

जमादार म्हणाला, करा.

त्यांनी नवा बोरू घेतला. चांगला कागद काढला. एक एक अक्षर मोत्यासारखं. मी कंदिलाची काच पुसत बाजूला उभी होते. पहिला भाग संपला. खरी रेल्वेलाईन पाण्याखाली दिसते, जागा शोधावी. तिथं त्यांनी बोरू खाली ठेवला. तीस वर्षांत ज्या माणसानं एक नुक्ता गाळला नव्हता, त्यानं अख्खा दुसरा भाग गाळला.

ती अर्धी नक्कल चौकट करून ओसरीवर लावली. येईल त्याला वाचून दाखवायचे. पुन्हा कधी स्पर्धेला फोटो पाठवला नाही. मासिकवाल्या बाबूनं दोनदा आठवण केली. म्हणाले, माझं झालं.

माझ्याशी पुढं दीड महिना बोलले नाहीत. सड्याबद्दल नाही. मुंगळ्याबद्दल. दीड महिन्यानं एका सकाळी मी अंगणात सडा टाकत होते, ते पायरीवर येऊन म्हणाले, "सूनबाई, तुम्ही तीन बोटं भराल." तेव्हा कळलं, राग गेला.

फोटो सरकारी फायलीत गेला तो तिथंच राहिला. इंजिन गंजलं, काकूंनी भंगारवाल्याला दिलं. मालक गेले, मग काकू गेल्या. जमादार तर तेव्हाच म्हातारा होता. आमचे हे जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. कोंबडी तर त्याच दिवाळीच्या आधी गेली. त्या सकाळी त्या अंगणात जेवढे जीव होते, त्यातली आता मी एकटी आहे.